आकाशातील पाळीबदल



आपले नगर शहर आणि मुंबईचा विमानतळ ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशा पुढ्यात घेऊन त्यावर पट्टी आडवी ठेवा. नगरवरून काढलेली रेघ सह्याद्री ओलांडून नीट सांताक्रूझला जाऊन टेकते. सरळ अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. हे मी भूगोलाची हौस म्हणून सांगत नाही. छत्तीस हजार फुटांवरून येणाऱ्या प्रवासी विमानाला सावकाश खाली यायला साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर लागतात. म्हणजे हैदराबादकडून वा कलकत्त्याकडून मुंबईस निघालेले विमान आपल्या जिल्ह्याच्या आसपास येते, तेव्हा त्याची उतरण सुरू होण्याची वेळ झालेली असते; आणि मुंबईहून पूर्वेला निघालेले विमान येथपर्यंत आपली चढण संपवीत आणते. करंजी घाटात चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्यांची जशी गाठ पडते, तशी ती आपल्या डोक्यावर पडते. फरक इतकाच, की घाटातला ड्रायव्हर समोरची गाडी पाहून हॉर्न देतो. तेथे दोन विमाने समोरासमोर आली तर त्यांच्यामधले अंतर सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटर या वेगाने घटते. डोळ्यांनी पाहून बाजूला होण्याइतकी सवड तेथे नसते.

मग ती एकमेकांवर आदळत का नाहीत? जमिनीवर कोणीतरी माणूस त्यांच्या उंच्या वाटून देत असतो म्हणून. त्या माणसाला विमान वाहतूक नियंत्रक म्हणतात. तो पगारदार आहे, पाळीत काम करतो, त्याला साहेब आहे, रजेचा अर्ज आहे आणि चूक झाली तर चौकशीही आहे. मी आयुष्यभर कामगारांत वावरलेला माणूस विमानाविषयी काय बोलणार, असे संयोजकांपैकी एकाने मला प्रेमाने विचारले. त्यांना मी म्हटले, मी विमानाविषयी बोलणारच नाही. पाळीबदलाविषयी बोलणार आहे.

प्रथम कामाची रीत समजून घेऊ. आकाश दिसायला अखंड असले तरी कामासाठी त्याचे तुकडे पाडलेले आहेत. भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या प्रदेशांत वाटलेले असून गुवाहाटीकडे एक उपप्रदेश आहे. मुंबईच्या वाट्याला जमिनीखेरीज अरबी समुद्राचाही फार मोठा विस्तार येतो. या प्रत्येक प्रदेशाचे पुन्हा लहान विभाग करतात; नियंत्रक त्यांना सेक्टर म्हणतात. सेक्टर नुसते शेताच्या बांधासारखे आडवे नसतात, चाळीच्या मजल्यांसारखे उभेही असतात. खालच्या मजल्याचा नियंत्रक वेगळा, वरच्या मजल्याचा वेगळा. शिवाय काही खोल्या लष्कराच्या. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे आणि तेथील हवाई वाहतुकीचे नियंत्रणही हवाई दलाच्याच हाती आहे. आपल्या शेजारी के. के. रेंजवर रणगाड्यांच्या तोफांचा सराव चालतो हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अशा सरावाच्या जागेवरची हवा ठराविक उंचीपर्यंत नागरी विमानांना बंद ठेवण्याची जगभर रीत आहे.

आता उंची. विमानातील उंचीमापक म्हणजे मुळात हवेचा दाब मोजणारे यंत्र. वर जावे तसा दाब उतरतो, त्यावरून उंची काढायची. परंतु दाब गावोगाव आणि दिवसागणिक बदलतो. एकाने आपला काटा मुंबईच्या दाबावर लावला आणि दुसऱ्याने नागपूरच्या, तर दोघेही तीस हजार म्हणतील आणि दोघांची खरी उंची निराळी निघेल. म्हणून ठराविक उंचीच्या वर गेल्यावर जगातील सर्व वैमानिक आपला काटा एकाच ठरीव दाबावर, १०१३.२ हेक्टोपास्कलवर, लावतात. अशाने उंची थोडी खोटी ठरली तरी सर्वांची सारखीच खोटी ठरते आणि त्यांच्यामधले अंतर खरे राहते. मला ही युक्ती फार आवडते. सर्वांचे माप एक असले म्हणजे ते परिपूर्ण नसले तरी चालते. बाजार समितीत काट्यावर भांडण झालेल्या कोणालाही हे पटेल.

पूर्वेकडे तोंड करून जाणाऱ्या विमानाला विषम हजारांच्या उंच्या देतात, म्हणजे तेहतीस, पस्तीस, सदतीस हजार फूट. पश्चिमेकडे जाणाऱ्याला सम, म्हणजे बत्तीस, चौतीस, छत्तीस. समोरासमोरच्या दोघांत हजार फूट राहतात. पूर्वी एकोणतीस हजार फुटांच्या वर दोन हजारांचे अंतर ठेवीत, कारण त्या उंचीवर जुन्या उंचीमापकांचा भरवसा कमी होता. यंत्रे सुधारली तेव्हा भारतात २७ नोव्हेंबर २००३ पासून ते हजारावर आणले.

आपापल्या उंचीवर सरळ जाणाऱ्या विमानांची काळजी फारशी नाही. काळजी आहे ती चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची, कारण त्यांना दुसऱ्याची उंची कापून जावे लागते; आणि त्याहून जास्त काळजी आहे ती कापताना मजला बदलणाऱ्यांची, म्हणजे एका नियंत्रकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्यांची. त्यासाठी नियम कडक आहे. विमान हद्दीवर पोहोचण्यापूर्वी पहिल्या नियंत्रकाने दुसऱ्याला त्याचे नाव, हद्दीवरील ठिकाण, तेथे पोहोचण्याची वेळ आणि उंची कळवायची. दुसऱ्याने आपल्याकडची विमाने पाहून ‘घेतो’ म्हणायचे, किंवा ‘या उंचीवर नको, खाली ठेवा’ म्हणायचे. त्याने घेतल्याखेरीज पहिल्याने विमान त्याच्या हद्दीत ढकलायचे नाही आणि त्याच्या मजल्यात चढवायचेही नाही. रोजच्या ठरलेल्या मार्गांपुरता शेजाऱ्यांत आधीच लेखी करार असतो, की अमक्या मार्गाने येणारे विमान अमक्या उंचीवर ताब्यात द्यावे. करारात बसते तेथे प्रत्येक वेळी बोलावे लागत नाही. त्याबाहेर काही करायचे तर फोन उचलावाच लागतो. मग वैमानिकाला नव्या सेक्टरची वारंवारिता सांगतात, तो ती उच्चारून दाखवतो आणि नव्या माणसाशी बोलू लागतो. बहुधा त्याला कळतही नाही, की आपल्या जिवाची जबाबदारी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेली.

रेल्वेत काम केलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. दौंड-मनमाड रस्ता १८७८ साली सुरू झाला आणि कित्येक वर्षे एकेरीच राहिला. एकेरी रस्त्यावर पुढच्या स्टेशन मास्तरने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्याला गाडी सोडता येत नाही. आणि जेथे टोकनची पद्धत होती तेथे ड्रायव्हरच्या हाती टोकन पडल्यावाचून इंजिन हलत नसे. दोन स्टेशनांत मिळून टोकन एकच बाहेर निघू शके. दुसरे काढायचे म्हटले तरी यंत्र देत नसे. आकाशात असे टोकन नाही. तेथे आहे तो शब्द.

हा शब्द रुजायला मात्र वेळ लागला आणि बळीही लागले. ७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्सच्या उत्तर भागात, पॅरिस-लंडन मार्गावर, एक फ्रेंच आणि एक इंग्रज विमान धुक्यात समोरासमोर धडकले. सात माणसे गेली. प्रवासी विमानांची आकाशातली ही पहिलीच टक्कर. त्या काळी वैमानिक खालचे रस्ते पाहून विमान नेत, आणि दोघांनी एकच रस्ता धरला होता! मोटारीप्रमाणे एका बाजूने जाण्याचे नियम त्यानंतर आले.

आपल्याकडे तेव्हा आकाश रिकामेच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका लहानशा पस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरले आणि जुहूच्या मैदानावर आले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट बल्लारीमार्गे मद्रासला गेला. अहमदाबादेत त्यांच्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीने आले होते म्हणतात. त्या दिवशी त्यांना कोणी उंची नेमून देण्याचे कारण नव्हते. धडकायला दुसरे विमान होतेच कोठे?

अमेरिकेत मात्र गर्दी झाली होती. १९३५ सालच्या डिसेंबरात न्यूअर्क येथे विमान कंपन्यांनीच वर्गणी काढून पहिले मार्ग-नियंत्रण केंद्र उघडले. साधन काय, तर फळा, टेलिफोन आणि टेबलावर पसरलेला नकाशा. नकाशावर होडीच्या आकाराची लहान वजने ठेवीत. एक वजन म्हणजे एक विमान. कंपनीचा माणूस फोनवर सांगे त्याप्रमाणे ती हाताने सरकवायची. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या जुलैत, सरकारने हे काम आपल्याकडे घेतले. रस्ता सर्वांचा असेल तर चौकीदार एका कंपनीचा असून चालत नाही, हे भांडवलशाहीच्या त्या माहेरघरालाही सहा-सात महिन्यांत कळले, याची नोंद मी करून ठेवतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या महाराष्ट्रातही एक नामी प्रयोग झाला. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारी शहरांहून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जमत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परत जात. चार दिशांनी चार विमाने काळोखात एकाच ठिकाणी यायची आणि थोड्या वेळाने तेथूनच चारी दिशांना पांगायची! मुंबईत रात्री टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाचले जाई याचे लोकांना कौतुक होते. सोनेगावच्या मनोऱ्यात रात्र जागवणाऱ्याचे कौतुक कोणी केल्याचे मी वाचलेले नाही.

१९५६ साली ३० जून रोजी अमेरिकेत ग्रँड कॅनियनवर दोन मोठी प्रवासी विमाने धडकली. १२८ माणसे मेली, एकही वाचले नाही. ही कहाणी थेट आपल्या विषयाची आहे. एका विमानाने एकवीस हजार फुटांची उंची मागितली. लॉस एंजेलिसच्या केंद्राने शेजारच्या सॉल्ट लेकच्या केंद्राला विचारले. सॉल्ट लेकने नकार दिला, कारण त्या उंचीवर दुसरे विमान होते आणि दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत होते. येथपर्यंत पाळीबदल चोख झाला. परंतु वैमानिकाने मग दुसरी परवानगी मागितली: ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहण्याची. ती मिळाली, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तसे जाणाऱ्याने आपले आपण पाहून घ्यायचे असे. त्या दिवशी ढगांचे माथे असे होते, की हजार फूट वर म्हणजे नेमके एकवीस हजारच झाले! जी उंची समोरच्या दाराने नाकारली, ती मागच्या दाराने मिळाली. तो भाग नियंत्रणाखाली येत नसल्यामुळे दोन्ही विमानांना सावध करण्याचे बंधन कोणावर नव्हते. देशभर ओरड झाली, पैसा निघाला, रडार वाढले आणि १९५८ साली सगळ्या हवाई वाहतुकीसाठी एक स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा कायद्याने उभी राहिली.

आता मी झाग्रेबला येतो. खरे सांगायचे तर या व्याख्यानासाठी मी वाचायला बसलो तो या एका घटनेमुळे.

१० सप्टेंबर १९७६. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात झाग्रेबचे नियंत्रण केंद्र हे युरोपातील अतिशय गजबजलेल्या चौकांपैकी एक होते. तेथील आकाश तीन मजल्यांचे होते: खालचा, मधला आणि वरचा. लंडनहून इस्तंबूलला निघालेले ब्रिटिश विमान वरच्या मजल्यात तेहतीस हजार फुटांवर सरळ चालले होते. स्प्लिटहून कलोनला निघालेले युगोस्लाव्ह विमान मधल्या मजल्यात होते आणि त्याला पस्तीस हजारांवर चढायचे होते. म्हणजे तेहतीस हजारांची उंची कापणे आले. मधल्या मजल्याच्या नियंत्रकाने वरच्याची संमती घ्यायला हवी होती. वरच्या मजल्यावर त्या वेळी दोन माणसांचे काम एकटा पाहत होता. पाळी बदलायची वेळ. येणारा उशिरा आलेला, जाणारा त्याला पाहायला जागेवरून उठलेला. एकटा उरला तो ग्रादिमिर तासिच. विमानांवर विमाने त्याच्याशी बोलत होती. अशा गर्दीत मधल्या मजल्याच्या माणसाने त्याला हाताने खुणावले, रडारवरचा ठिपका दाखवला, आणि संमती मिळाली असे धरून विमानाला वर चढू दिले. कोणत्या ठिपक्याविषयी हो म्हटले आणि कोणत्याविषयी समजले, यावर पुढे न्यायालयात वाद व्हायचा होता.

चढणाऱ्या विमानाने वरच्या मजल्याशी बोलणे सुरू केले तेव्हा ते बत्तीस हजार सातशे फुटांवर पोहोचून आणखी चढत होते. तासिचला धोका दिसला, पण उशिरा. त्याने घाईत, इंग्रजी सोडून आपल्या मातृभाषेत, त्याच उंचीवर थांबायला सांगितले. ब्रिटिश वैमानिकांना ती भाषा कळण्याचा संभव नव्हता. आज्ञा पाळून विमान सरळ झाले ते तेहतीस हजारांवर, ब्रिटिश विमानाच्या बरोबर समोर. त्याने काहीच सांगितले नसते आणि विमान चढतच राहिले असते, तर कदाचित निसटले असते. १७६ माणसे मेली.

खटला झाला. आठ जणांवर आरोप ठेवले होते. सात सुटले. तासिचला सात वर्षांची सजा झाली. माणसे कमी का होती, पाळीबदल खुर्च्या रिकाम्या ठेवून का होत असे, हाताच्या खुणेने ताबा देण्याची सवय केंद्रात का चालत आली, हे प्रश्न तुरुंगात जाणार नव्हते. तेथे माणूसच जातो. देशोदेशीच्या नियंत्रकांनी मात्र त्याला विसरू दिले नाही. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पाठपुरावा केला, अपिलात सजा कमी झाली आणि १९७८ च्या नोव्हेंबरात तो सुटला. त्याला ओळखणारे फार थोडे असतील; परंतु त्याची खुर्ची सर्वांच्या ओळखीची होती.

हे वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. वीसेक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात रात्रपाळी संपताना गव्हाणीची साखळी अडकली. ती मोकळी करायला एक मदतनीस आत उतरला. पाळीचा भोंगा झाला. जाणाऱ्या माणसाने येणाऱ्याला हात करून ‘थांब’ असे खुणावले, असे तो म्हणतो. येणाऱ्याने ‘झाले’ असे समजून बटण दाबले. मदतनिसाची तीन बोटे गेली. खातेनिहाय चौकशी बसली, आणि आरोपपत्र कोणाला, तर बटण दाबणाराला! मी त्याच्या बाजूने उभा होतो. मी चौकशी अधिकाऱ्याला विचारले, की पाळीबदलाची नोंदवही कोठे आहे? नोंदवही नव्हती. बटणाला कुलूप घालायची सोय? तीही नव्हती. दोन पाळ्यांत किती मिनिटांचा दुवा आहे? एकही मिनिट नाही; एकाचा पगार सहाला संपतो आणि दुसऱ्याचा सहाला सुरू होतो. अधिकारी भला माणूस होता. त्याने हे सगळे लिहून घेतले आणि आरोप कायम केला. बटण दाबणारा निर्दोष होता असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही. त्याने विचारायला हवे होते. माझे भांडण ‘फक्त’ या शब्दाशी होते.

आपल्या देशातील सर्वांत मोठा हवाई अपघात याच जातीचा, पण निराळ्या कारणाचा आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमाने धडकली. ३४९ माणसे गेली. जगात आजवर आकाशातल्या टकरीत एवढी माणसे कधी मेली नाहीत. सौदी विमानात आखातात कामाला निघालेले आपले मजूर मोठ्या संख्येने होते. कागदात त्यांना ‘प्रवासी’ म्हटले आहे. दिल्लीच्या नियंत्रकाने चढणाऱ्या सौदी विमानाला चौदा हजारांवर थांबवले होते, उतरणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजारांवर, आणि समोर विमान आहे हे त्याला सांगितलेही होते. कझाक विमान पंधराच्या खाली उतरत गेले. न्या. लाहोटी यांच्या चौकशीने दोष त्या वैमानिकांच्या पथकावर ठेवला आणि दिल्लीच्या नियंत्रकाला निर्दोष ठरवले.

येथे कोणाला वाटेल, की चला, कामगार सुटला, विषय संपला. पण चौकशीतून निघाले ते आणखी पाहा. दिल्लीजवळचे बहुतेक आकाश हवाई दलाकडे राखून असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच बोळ होता. नियंत्रकापुढचे रडार जुने. ठिपका दाखवी, परंतु ठिपक्याची उंची दाखवत नसे. पंधरा हजार सांगितल्यावर विमान खरोखर पंधरावर आहे की चौदावर, हे त्याला वैमानिकाच्या तोंडूनच कळायचे. उंची दाखवणारे नवे रडार बसवण्याचे काम तेव्हा चालू होते. अपघातानंतर येणारा आणि जाणारा मार्ग वेगळे झाले, नवे रडार कामाला लागले, आणि भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. म्हणजे हे सारे करता येण्यासारखे होते.

नियंत्रकांनी स्वतः आवाज उठवला तेव्हा काय झाले? अमेरिकेत त्यांची पॅटको नावाची संघटना होती. १९८० च्या निवडणुकीत तिने रीगन यांना पाठिंबा दिला होता. ३ ऑगस्ट १९८१ रोजी सुमारे तेरा हजार नियंत्रक संपावर गेले. मागण्या पगारवाढीच्या होत्या, तशाच आठवड्याला ३२ तास कामाच्याही होत्या. रडारपुढे सलग बसून माणूस किती काळ शुद्ध निर्णय घेऊ शकतो, हा त्यामागचा प्रश्न होता. सरकारी नोकरांचा संप बेकायदा होता. रीगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ५ ऑगस्टला ११,३४५ जणांना एका फटक्यात काढून टाकले. पुन्हा सरकारी नियंत्रक म्हणून घेण्याची बंदी घातली, ती १९९३ पर्यंत उठली नाही. संघटनेची मान्यताही गेली.

मी स्वतः संघटनेचा माणूस असलो तरी मला येथे दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. पॅटकोच्या नेत्यांनी चुका केल्या. त्यांनी पगाराचा आकडा पुढे केला आणि थकव्याचा प्रश्न मागे ठेवला, त्यामुळे सामान्य प्रवाशाला ते लाडावलेले वाटले. दुसऱ्या संघटनांशी त्यांनी आधी नाते जोडले नव्हते. वेळ आली तेव्हा वैमानिक विमाने उडवीत राहिले. हे एक. दुसरे असे, की काढून टाकलेल्यांच्या जागी आलेल्यांनी सहा वर्षांनी, १९८७ साली, पुन्हा संघटना बांधली. खुर्ची तीच होती, त्यामुळे तक्रारीही त्याच निघाल्या.

१ जुलै २००२ च्या रात्री स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या सीमेवर युबर्लिंगेन गावाच्या आकाशात छत्तीस हजार फुटांवरून चाललेली दोन विमाने धडकली. एक मालवाहू होते. दुसऱ्यात रशियाच्या उफा शहरातील शाळकरी मुले सहलीला निघाली होती. ७१ मेले, त्यांत ५२ मुले. ते आकाश जर्मनीचे, परंतु करारान्वये ताबा झुरिचच्या केंद्राकडे. झुरिचमध्ये त्या रात्री दोन नियंत्रक. एक विश्रांतीला गेलेला, आणि ही प्रथा वरिष्ठांना ठाऊक असून चालू होती. उरलेला एकटा दोन पडद्यांवर दोन वारंवारिता सांभाळत होता. दुरुस्तीसाठी मुख्य टेलिफोन बंद होता आणि पर्यायी यंत्र धड चालत नव्हते. शेजारच्या कार्ल्सरूहच्या केंद्रातील नियंत्रकाला रडारवर टक्कर येताना दिसली! तो झुरिचला पुन्हापुन्हा फोन लावत राहिला. फोन लागला नाही. शेवटच्या मिनिटाला झुरिचच्या नियंत्रकाने रशियन विमानाला खाली यायला सांगितले. त्याच वेळी विमानातील टक्कर टाळणारे यंत्र त्यांना वर जा म्हणत होते आणि समोरच्या विमानाला खाली. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. यंत्र आणि नियंत्रक यांत मतभेद झाला तर यंत्राचे ऐकावे, हे त्यानंतर जगभर निःसंदिग्धपणे ठरले.

त्या नियंत्रकाचा २००४ साली खून झाला. बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका बापाने त्याच्या दारात जाऊन तो केला. त्या बापाच्या दुःखाविषयी मी काही बोलणार नाही. परंतु त्याला तरी डोळ्यांसमोर कोण दिसला? खुर्चीवरचा. २००७ साली स्विस न्यायालयाने निकाल दिला तेव्हा दोषी ठरलेल्या चौघांपैकी चौघेही व्यवस्थापनाच्या बाजूचे होते. तिघांना स्थगित कैद, एकाला दंड. झाग्रेबच्या निकालापासून या निकालापर्यंत तीस वर्षे गेली. सजा सौम्य होती असे म्हणणारे आहेत. मला सजेच्या लांबीपेक्षा ती कोणत्या मजल्यावर पोहोचली, हे महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या नोकरीत आहेत. त्यांच्यापुढचे पडदे आता चांगले आहेत. ठिपक्याशेजारी विमानाचे नाव, उंची, ते चढते आहे की उतरते, हे लिहून येते. कागदाच्या पट्ट्यांची जागा बऱ्याच ठिकाणी पडद्यावरच्या पट्ट्यांनी घेतली. शेजारच्या सेक्टरला विमान देण्याचे काम पुष्कळदा बटणावर होते. तरीही २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीला उड्डाणांचे संदेश पोहोचवणारी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली, तेव्हा नियंत्रकांना विमानागणिक माहिती हाताने भरावी लागली आणि शेकडो विमाने खोळंबली. खोळंबली, हे नीट लक्षात घ्या, धडकली नाहीत. हाताने काम करायचे तर कमी विमाने सोडायची, हे खुर्चीवरच्या माणसांनी ठरवले आणि पाळले. त्या दिवशी विमानतळावर ताटकळलेल्यांनी त्यांच्या नावाने बोटे मोडली असतील, ते साहजिक आहे.

आणि हे सगळे दिल्ली-मुंबईचे, असे आपण समजू नये. १ ऑक्टोबर २०१७ पासून आपल्याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे, शिर्डीचा विमानतळ चालू आहे. तेथील मनोरा लहान आहे. परंतु विमान धावपट्टीवर येऊन उभे राहिले, उतारूंनी पट्टे बांधले, कोणी हात जोडून बाबांचे नाव घेतले, तरी त्या मनोऱ्यातील माणूस लगेच ‘निघा’ म्हणत नाही. वर किती उंचीपर्यंत चढू द्यायचे हे तो प्रथम पलीकडच्या नियंत्रकाला विचारतो, तिकडून आकडा येतो, तो आकडा हा उच्चारून दाखवतो, तिकडचा ‘बरोबर’ म्हणतो, आणि मग विमान सुटते.